भांडं उंबऱ्याच्या आत गेलं की

भांडं उंबऱ्याच्या आत गेलं की सौदा झाला. मग बाई रडो, भांडो, नवरा घरी येऊन तिच्या नावानं शंख करो, आम्ही मागं वळून बघायचं नाही आणि तिनं हाक मारायची नाही. मोडायचाच असेल तर दोघींनी घेतलेली वस्तू परत उंबऱ्यावर आणून ठेवायची, मी भांडं उचलायचं, तिनं कपडे. आमच्या धंद्यात कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. उंबरा आहे. सिन्नरकडच्या खेड्यातून लग्न होऊन सातपूरला आले आणि सासूच्या मागं डोक्यावर पाटी घेऊन फिरायला लागले, तेव्हा तिनं पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं. बाकीचं गिऱ्हाईक शिकवेल म्हणाली. शिकवलं की. एकेकीनं सोलून काढलं.

मी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. बोहारीण म्हणा, भांडेवाली म्हणा, लोक तोंडाला येईल ते म्हणतात. या अंकाच्या संपादक बाईंनी सांगितलं की धंद्याबद्दल लिहा, मी म्हटलं सातवी पास आहे, लिहीन, पण गोड गोड लिहिणार नाही. हल्ली दारावर आम्ही कमी दिसतो, म्हणून नव्या सुनांसाठी थोडं सांगते. डोक्यावर पाटीत स्टीलची भांडी, खांद्याला बोचकं. गल्लीत शिरलं की आरोळी द्यायची, 'भांडीये'. बाई दार उघडते, कपडे आणून टाकते. मी कपडा उजेडापुढं धरते, विरलेला असला की उजेड आरपार येतो. शर्टाची कॉलर बघते, पँटचं बूड बघते. ती भांडं नखानं वाजवून बघते. ती म्हणते, दोन पँटींवर डबा दे. मी म्हणते, वर एखादं पातळ टाका. मग ती आत जाते आणि एक ब्लाउज घेऊन येते. ब्लाउजवर काय येतं हो? पण आणताना चेहरा असा, की माहेरचा दागिना काढून देतेय.

कपड्यांचं आम्ही काय करतो, हे सगळे विचारतात. बरे शर्ट-पँट धुऊन, बटणं लावून, इस्त्री मारून बाजारात विकतो. जरीची साडी जरीवाल्याकडे जाते. फाटकं सुती जातं सातपूरच्या वर्कशॉपमध्ये, मशीनचं तेल पुसायला. सुती कपडा तेल पितो. गुळगुळीत पॉलिस्टरची साडी तेल नुसतं इकडचं तिकडं सारते, कामगार ती हातात पण धरत नाही. म्हणून माझ्या लेखी विटकं सुती पातळ मोलाचं आणि ती झुळझुळीत कोरी साडी फुकटची. पुढं मी ज्या साड्यांचं सांगणार आहे, त्या ह्या दुसऱ्या जातीच्या होत्या.

आता रागाचं आधी काढून टाकते. भर उन्हात अर्धा तास पायरीवर बसवून एका चमच्यासाठी घासाघीस करणाऱ्या बायका मी बघितल्या. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतणाऱ्या बघितल्या. त्याच बायका मेन रोडच्या दुकानात जाऊन चिठ्ठीवर लिहिलेला आकडा मुकाट्यानं देतात. दोन हजार सालानंतर तर मोठ्या दुकानांनी आमचाच धंदा उचलला. जुना मिक्सर द्या, नवा न्या. जुना टीव्ही द्या, नवा न्या. पेपरात पानभर जाहिरात, दारात रांग, आणि जुन्याचं काय देता म्हणून कुणी हुज्जत घालत नाही. तिथं एसी असतो आणि माझ्या डोक्यावर पाटी असते, एवढाच फरक. आमच्यापुढं मात्र गाळणी वर पाहिजेच.

असो. गोष्ट मैदानाची आहे.

कारखान्यांच्या मागं एक मोकळं मैदान होतं. कारखान्यांना सुट्टी असायची त्या दिवशी आम्ही बायका तिथं ओळीनं पोती अंथरून कपडे मांडायचो. आमची वस्ती त्याला लागूनच. कामगार यायचे, बिगारी यायचे, वणीकडून बांधकामावर आलेली माणसं यायची. आठवडाभर दारोदार फिरून गोळा केलेलं तिथं विकलं तर घरात चूल. ते मैदान म्हणजे आमचं दुकान, बँक, सगळं. छप्पर मात्र नव्हतं. पावसाची सर आली की कपडे भिजायचे, मग वास मारायचे, मग कुणी हात लावायचं नाही.

तिथं गमतीही व्हायच्या. एकदा एक फिटर आला, चांगला उंचापुरा गडी. माझ्या पोत्यावरचा निळा चौकडीचा शर्ट उचलून म्हणाला, "मावशी, हा माझा हाय."

"होता," मी म्हटलं.

"अहो, हा घालून मुलाखतीला गेलो तवा नोकरी लागली. बायकोनं मला न विचारता इडलीपात्रावर दिला."

"इडल्या खाल्ल्या का?"

"खाल्ल्या."

"मग झालं की."

गडी जाईना. खिसा चाचपला, तर महिनाअखेर. शेवटी अंगातला शर्ट काढून माझ्या पोत्यावर ठेवला, निळा चढवला आणि कॉलर सारखी करत गेला. अंगातला जास्त नवा होता. मी तसं त्याला सांगितलं सुद्धा. तो म्हणाला, "ठरलं ते ठरलं." असा माणूस आमच्यात शोभला असता.

आता एका घराचं सांगते. आमच्या वॉर्डात एक पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणते. दुमजली घर, दारात जीप. त्यांच्या मंडळी, वहिनी, माझं जुनं गिऱ्हाईक. एकदा वहिनींनी भाऊंचे दोन सफारी दिले, कॉलरी घासलेल्या, आणि दुपारभर वाद घालून झाकणाचं पातेलं घेतलं. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत शिरले तर वरून हाक.

"मावशी, झाकण सैल बसतं. पातेलं राहू दे, झाकणाच्या बदली परात दे."

"वहिनी, भांडं काल आत गेलं."

"आत गेलं म्हणून काय झालं? माझं घर, माझा उंबरा."

परात दिली नाही. पण ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. धंद्यातल्या इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. संक्रांतीनंतर निवडणूक होती आणि भाऊ उभे होते. त्यांच्यासमोर होते एक मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. मास्तर आमच्या मैदानासाठी आधीपासून धडपडत होते. अर्ज लिहून द्यायचे, आम्हाला घेऊन ऑफिसात जायचे, बाहेर बाकावर आमच्याबरोबर ताटकळत बसायचे. ओटे आणि वर पत्रा, एवढंच मागणं. मत मास्तरांना द्यायचं, हे वस्तीत न बोलता ठरल्यासारखं होतं.

आणि भाऊबीजेच्या दिवशी भाऊ वस्तीत आले. मागं टेम्पो, टेम्पोत साड्या. बरं, नुसत्या वाटल्या असत्या तर वेगळं होतं. हे प्रत्येक दारात चपला काढून पाटावर बसले. डोक्यावर रुमाल घेतला. बायकांनी ओवाळलं. माझा सख्खा भाऊ खेड्यावर, दोन वर्षं आलेला नव्हता. मी निरांजन ओवाळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. भाऊंनी ताटात साडी ठेवली आणि म्हणाले, "मावशी, भावाची आठवण ठेवा. निवडून आलो की मैदानावर ओटे बांधतो, वर पत्रा टाकतो. हा शब्द."

ते गेल्यावर साडी हातात घेतली. धंद्याचा हात, चोळून बघणारच. पॉलिस्टर, आणि तेही हलकं. शेजारच्या लीलाबाईला दाखवली. लीलाबाई माझ्याआधीपासून धंद्यात, वयानं मोठी, तिचा शब्द वस्तीत चालायचा.

मी म्हटलं, "लीलाबाई, आपण दारावर असतो तर ह्याच्यावर गाळणी पण दिली नसती."

"नसती दिली. पण आत घेतली ना?"

"ओवाळणी म्हणून घेतली."

"त्यानं ओटे बोलून दाखवले, आठवण ठेवा म्हणजे मतच मागितलं. आपण तोंडानं नाय म्हटलं नाय, आणि साडी उंबऱ्याच्या आत ठेवली. आता काय राहिलं?"

त्यावर वस्तीत लय वाद झाला. तरण्या बायका म्हणाल्या, साडी ठेवा, मत मास्तरांना द्या, पेटीत कोण बघतंय. लीलाबाई म्हणाली, "उद्या गिऱ्हाइकानं पातेलं घेऊन कपडे नाय दिले तर तू काय म्हणशील? चोर म्हणशील. मग तू कोण?" वाद तिथंच मिटला.  बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. एवढी मोठी निवडणूक आणि बायका उंबऱ्याचा नियम लावतात. पण आम्हाला दुसरा कुठला नियम माहीत होता? ज्यावर आयुष्यभर भाकरी खाल्ली तोच लावला.

वस्तीनं भाऊंना मत दिलं. मास्तर थोडक्यात पडले, आणि ते थोडकं म्हणजे आमची वस्ती.

निकालानंतर मास्तर आले. रागावले नाहीत. माझ्या घराच्या पायरीवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "मावशी, साडी घ्यायची आणि मत मला द्यायचं की. सगळे तेच करतात."

मला मास्तरांचा त्या क्षणी भाऊंपेक्षा जास्त राग आला. चांगला माणूस, आमच्यासाठी उन्हात बसलेला, आणि शिकवतो काय, तर घ्या आणि फसवा. "मास्तर," मी म्हटलं, "आम्हाला नाय जमत. जमलं असतं तर हा धंदाच केला नसता." ते कप खाली ठेवून गेले. नंतरही भेटले, बोलले, पण अर्ज लिहायला कधी आले नाहीत.

आम्ही ओट्यांची वाट बघत बसलो. उन्हाळा गेला. पाऊस गेला, भिजलो. भाऊंच्या घरी जायचो तर भाऊ मीटिंगला. फोनवर आहेत. नाशिकात नाहीत. मग एका सुट्टीच्या दिवशी डोक्यावर गाठोडी घेऊन मैदानावर गेलो, तर भोवती पत्रे ठोकलेले. वर पत्रा टाकतो म्हणाले होते ना? टाकला. चारी बाजूंनी टाकला. आत जेसीबी. दारावरचा माणूस म्हणाला, दुकानांचे गाळे होणार आहेत, भाऊंच्या मेव्हण्याचं काम हाय.

आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. महापालिकेची गाडी आली, उठवलं. नाल्याकाठी बसलो, तिथून उठवलं. कपडे चिखलात पडले ते उचलायलाही वेळ दिला नाही. धुऊन, बटणं लावून, इस्त्री मारून आणलेले कपडे. त्या दिवशी लीलाबाई मला म्हणाली, "साडी हाय का तुझी?"

"पेटीत. घडीसुद्धा मोडली नाय."

"काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वस्तीतल्या बायका साड्या घेऊन भाऊंच्या घरी निघाल्या. मी पाटी घेऊनच गेले, तिथून पुढं फेरीला जायचं होतं. धंदा कुणाला चुकलाय? दारात गेलो. लीलाबाईनं आपली साडी उंबऱ्यावर ठेवली, तिच्यावर मी माझी ठेवली, मग एकेक करत ढीग झाला. भाऊ बाहेर आले, दाढीला साबण तसाच.

"हे काय, ताई?"

लीलाबाई म्हणाली, "सौदा मोडतोय. तुमच्या साड्या आणल्यात. तुम्ही आमची मतं आणा."

भाऊ हसले. मागं उभी असलेली त्यांची माणसंही हसली. मत परत येत नाही, हे आम्हालाही कळत होतं. येड्या नव्हतो आम्ही. आम्हाला एवढंच पाहिजे होतं की ह्या माणसानं तोंडानं म्हणावं, हो, ठरलं होतं, आणि मी मोडलं. मग आम्ही परत गेलो असतो. आमच्यात मोडणाऱ्याला एवढं तरी म्हणावं लागतं.

भाऊंनी गालावरचा साबण पुसला. चेहरा एकदम मवाळ केला. "सौदा कसला, मावशी? मी काही मागितलं होतं का? भाऊबीज होती ती. बहिणींनी ओवाळलं, भावानं ओवाळणी घातली. ती कुणी परत करतं का? माझ्या जिवाला लागेल असं नका करू."

आणि बायका पाघळल्या हो. समोरची एक म्हणाली, खरंच, भाऊबीजेची परत करू नये, अपशकुन असतो. तिनं वाकून साडी उचलली. मग दुसरीनं. कुणाची कोणती हे कळत नव्हतं, सगळ्या सारख्याच. ज्या माणसानं आमची जागा घेतली त्याला कसं बरं वाटेल, ह्याची काळजी आमच्याच बायकांना. मला संताप आला. भांडून घेतलेलं निदान भांडून परत मागता येतं. ह्यानं ओवाळून घेतलं होतं. आता मागणारीच वाईट ठरत होती.

भाऊ जीपमध्ये बसून गेले. बायका पांगल्या. लीलाबाई वस्तीकडं चालू लागली. तिनं साडी उचलली नव्हती, मी उचलली नव्हती, आणखी काही जणींनी उचलली नव्हती. उंबऱ्यावर छोटा ढीग उरला. मी पाटी डोक्यावर घ्यायला वाकले, तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. ढिगातली वरची साडी उलगडून बघितली, दुसरी बघितली.

"मावशी, थांब जरा. ह्या अगदी कोऱ्या आहेत, घडी नाही मोडलेली. ह्या सगळ्यांवर ते मोठं पातेलं देशील? आणि वर परात. मागची राहिलीय तुझ्याकडं."

ऐकलं ते खरं वाटेना. मी वहिनींच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या चेष्टा करत नव्हत्या. एक हात ढिगावर, एक हात माझ्या पाटीतल्या परातीवर, आणि नखानं वाजवून झालं होतं.

"वहिनी, ह्या साड्यांनी मशीनचं तेल पण पुसलं जात नाय. ह्यावर गाळणी सुद्धा येत नाय."

"मग तू तरी कशाला घेतली होतीस?"

"भाऊबीज होती," मी म्हटलं. "भावानं दिली."

वहिनींनी परातीवरचा हात काढला. मी पाटी उचलली.

मैदान गेलं ते गेलंच. तिथं गाळे उभे राहिले, त्यातल्या एकात आता कपड्यांचं दुकान आहे, नव्या कपड्यांचं, भावात घासाघीस चालत नाही अशी पाटी लावून. आमचे कपडे एक टेम्पोवाला येऊन एकगठ्ठा उचलायला लागला, तो म्हणेल तो भाव. लीलाबाईनं वर्षभरात धंदा सोडला. मी गुडघे गेले तोवर फिरले. ती गल्ली सोडली नाही, तिथं माझी चांगली गिऱ्हाइकं होती. गल्लीच्या तोंडाशी आरोळी द्यायची, मधे द्यायची, शेवटच्या घरापाशी द्यायची. भाऊंच्या दारासमोर मात्र तोंड मिटून चालायची, पुढच्या दाराशी पुन्हा सुरू. वहिनी गॅलरीत असायच्या. शेजारणी पण असायच्या. सगळी गल्ली ऐकायची, की भांडेवाली ह्या एका घराला सोडून जाते.